वेबसाइटच्या दारावरची वही: कोण लिहितं, कोण वाचतं?

बऱ्याच सरकारी वेबसाइटवर पान सरकवत अगदी तळाशी गेलात तर ‘एकूण दर्शक’ अशी एक ओळ दिसते. पुढे लांबलचक आकडा असतो. काही ठिकाणी त्याखाली ‘आजचे दर्शक’ही असतात. दाखला काढायला, टेंडर बघायला किंवा भरतीची जाहिरात शोधायला गेलेला माणूस तिकडे ढुंकूनही बघत नाही. पण त्या आकड्यात तोही धरलेला असतो.

आता प्रश्न असा आहे की मोजणारा फक्त मोजतो, की ओळखतोसुद्धा?

प्रश्न तांत्रिक वाटेल, पण तो आपल्या तालुक्यातल्या वाचकाचा, तक्रारदाराचा आणि करदात्याचा आहे. त्याचं उत्तर समजायचं तर तीसेक वर्षं मागे जावं लागतं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आवक-जावक रजिस्टर

वेबची सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत झाली. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९मध्ये प्रस्ताव मांडला आणि दोनेक वर्षांत पहिली वेबसाइट चालू झाली. वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते त्याला सर्व्हर म्हणतात. कोणी पान मागितलं की तो देतो, आणि दिल्याची नोंद करतो. या नोंदींच्या फाइलला लॉग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ते सरकारी कचेरीतलं आवक-जावक रजिस्टर.

१९९३मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्राने आपलं सर्व्हर सॉफ्टवेअर आणलं. त्यातला नोंदीचा नमुना पुढे सगळ्यांनी उचलला आणि आजही तो जवळपास तसाच वापरात आहे. एका ओळीत काय असतं? मागणाऱ्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, तारीख, वेळ, कुठलं पान मागितलं, मिळालं की नाही आणि किती मजकूर गेला. पुढे त्यात दोन रकाने वाढले: माणूस कुठल्या दुव्यावरून आला आणि त्याचं ब्राउझर कुठलं.

ही वही कोणाच्या मागावर राहण्यासाठी नव्हती. सर्व्हर बंद का पडला, कुठला दुवा तुटलाय, कोणी घुसायचा प्रयत्न करतंय का, हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला कळावं एवढाच हेतू होता. वॉचमनच्या टेबलावर वही असते ना, तशी. आणि ती त्याच इमारतीत राहायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास त्या वहीच्या हस्तांतराचा आहे.

हिट्सचा घोळ

वही आहे म्हटल्यावर बेरीज करायचा मोह होतोच. ‘आमच्या साइटला महिन्याला दहा लाख हिट्स’ असं नव्वदच्या दशकात सर्रास सांगितलं जायचं. पण हिट म्हणजे माणूस नव्हे. हिट म्हणजे सर्व्हरकडे आलेली एक मागणी. एका पानावर दहा फोटो असतील तर पानाची एक आणि फोटोंच्या दहा, अशा अकरा हिट्स होतात. वाचणारा मात्र एकटाच.

केंब्रिज विद्यापीठातल्या स्टीफन टर्नर यांनी १९९५मध्ये ‘ॲनालॉग’ नावाचं लॉग मोजायचं सॉफ्टवेअर केलं आणि ते खूप चाललं. पण किती माणसं आली हे लॉगवरून खात्रीने सांगता येत नाही, असं या गृहस्थाने स्वतःच सविस्तर लिहून ठेवलं. कारण साधं आहे. एका पत्त्यामागे अनेक माणसं असू शकतात आणि एकच माणूस रोज वेगळ्या पत्त्यावरून येऊ शकतो.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावी सायबर कॅफे निघाले. कॅफेत एक कनेक्शन, दहा मशीन आणि दिवसभरात शंभर गिऱ्हाईकं. बाहेरच्या सर्व्हरला मात्र बहुतेक वेळा एकच पत्ता दिसायचा. आजही मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच आयपी पत्ता वाटून देतात.

म्हणजे सुरुवातीच्या वहीत वाचकाला आडोसा होता. धंदेवाल्यांना तीच अडचण वाटत होती.

कुकी आली

१९९४मध्ये नेटस्केप ही ब्राउझर बनवणारी कंपनी नवी होती. तिथे लू मोंटुली हा तेविशीतला इंजिनिअर होता. त्याच्यापुढची अडचण अशी की ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक एका पानावर वस्तू निवडतं, दुसऱ्या पानावर जातं, आणि सर्व्हर त्याला विसरलेला असतो. वेबला स्मरणशक्तीच नव्हती.

त्याने उपाय काढला. सर्व्हरने ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि पुन्हा त्याच दारात आलं की दाखवायची. हीच कुकी. देवळाबाहेर चप्पल ठेवली की बिल्ला मिळतो, तसं समजा. बिल्ल्यावर नाव नसतं, पण चप्पल कोणाची ते बरोबर कळतं.

एका देवळाचा बिल्ला दुसऱ्या देवळात चालू नये, ही काळजी मोंटुलीने घेतली होती. कुकी ज्या साइटने दिली तिलाच परत दाखवली जाते. पण एक फट राहिली. एका पानावरचा मजकूर या सर्व्हरवरून आणि जाहिरातीचं चित्र त्या सर्व्हरवरून येऊ शकतं. मग चित्र देणारा सर्व्हरही आपली चिठ्ठी हातात देऊ शकतो. हजार साइटवर एकाच जाहिरात कंपनीची चित्रं असतील तर हजारही दारांवर तिचाच माणूस उभा असतो, आणि त्याला तुमचा बिल्ला ओळखीचा असतो.

लोकांना हे बरंच उशिरा कळलं. फेब्रुवारी १९९६मध्ये फायनान्शियल टाइम्स या ब्रिटिश दैनिकाने कुकीवर लेख छापला, तेव्हा वापरणाऱ्यांना समजलं की आपल्या कॉम्प्युटरवर न विचारता काहीतरी ठेवलं जातंय. वर्षभरात, फेब्रुवारी १९९७मध्ये, इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या गटाने सुचवलं की अशा परक्या कुकी ब्राउझरने आपोआप घेऊ नयेत. तेव्हाच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ही सूचना धाब्यावर बसवली. जाहिरातीचा धंदा तोवर उभा राहिला होता.

सरकारच सापडलं तेव्हा

या धंद्यातलं मोठं नाव होतं न्यूयॉर्कची डबलक्लिक. या कंपनीने १९९९मध्ये ॲबॅकस डायरेक्ट ही दुसरी कंपनी घेतली. ॲबॅकसकडे काय होतं? कोट्यवधी अमेरिकी घरांनी टपालाने काय काय मागवलं त्याची नावानिशी यादी. आता बिनानावाचा बिल्ला आणि नावानिशी यादी एकत्र जोडायचा बेत होता. मोठा गदारोळ झाला. फेब्रुवारी २०००मध्ये तिथल्या संघीय व्यापार आयोगाची चौकशी सुरू असल्याचं उघड झालं आणि मार्चमध्ये कंपनीने बेत मागे ठेवला.

त्याच वर्षी जूनमध्ये जे उघड झालं ते आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतलं अमली पदार्थविरोधी कार्यालय इंटरनेटवर जाहिराती देत होतं. कोणी सर्च इंजिनवर अमली पदार्थांशी संबंधित शब्द टाकला की जाहिरात दिसायची, आणि ती दाबून पुढे गेलेल्याच्या कॉम्प्युटरवर कुकी बसायची. हे काम डबलक्लिकमार्फत चाललं होतं. म्हणजे घाबरलेल्या आईने किंवा मदत शोधणाऱ्या पोराने माहिती शोधली, तर त्याची खूण सरकारी जाहिरातीच्या निमित्ताने खासगी कंपनीकडे जमा.

पत्रकारांनी हे बाहेर काढलं. काही दिवसांतच, २२ जून २००० रोजी, तिथल्या सरकारने आदेश काढला की ठोस गरज आणि विभागप्रमुखाची परवानगी असल्याशिवाय केंद्रीय सरकारी साइटवर माग काढणाऱ्या कुकी नकोत. दहा वर्षं हा नियम टिकला आणि २०१०मध्ये तो सैल केला गेला. कोणी काही म्हणो, नागरिक सरकारी दारात येतो तेव्हा तो गिऱ्हाईक नसतो, एवढी गोष्ट त्या आदेशाने मान्य केली होती.

फुकटची वही

वही घराबाहेर नेण्याचं काम जाहिरात कंपन्यांनी सुरू केलं, पण ते घाऊक केलं गूगलने. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात अर्चिन नावाची कंपनी होती. तिचं सॉफ्टवेअर सर्व्हरचे लॉग वाचून साइट मालकाला नीट तक्ते काढून द्यायचं. गूगलने २००५मध्ये ती विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘गूगल ॲनालिटिक्स’ फुकट देऊन टाकलं. इतकी झुंबड उडाली की नवी नोंदणी काही काळ थांबवावी लागली.

व्हॉट्सॲपवर आलेल्या बातमीच्या दुव्याच्या शेपटीला ‘यूटीएम’ अशी अक्षरं पाहिली असतील. त्यातला ‘यू’ म्हणजे ही अर्चिन. कंपनी गेली, शेपूट राहिलं.

आता पद्धत बदलली होती. मालकाने आपल्या पानात गूगलने दिलेला छोटा कोड चिकटवायचा. वाचकाने पान उघडलं की तो कोड वाचकाच्याच मशीनवर चालतो आणि माहिती थेट गूगलकडे पाठवतो. मालकाला तक्ते मिळतात, मूळ नोंद मात्र गूगलकडे राहते. वही आपली, दार आपलं, येणारी माणसं आपली, आणि रजिस्टर दुसऱ्याच्या कपाटात. २००८मध्ये गूगलने डबलक्लिकचीही खरेदी पूर्ण केली.

माझ्यासारख्या छोट्या पोर्टलवाल्यांना हे सोयीचंच होतं, यात शंका नाही. पैसे नाहीत, तांत्रिक माणूस नाही, आणि जाहिरातदार पहिला प्रश्न विचारतो: “भाऊ, व्ह्यूज किती?” त्याला दाखवायला रंगीत आलेख फुकट मिळत होता.

आकड्यामागचा माणूस

“आमच्याकडे नाव नसतं, फक्त क्रमांक असतो,” हे या धंद्याचं ठरलेलं उत्तर. ते किती खरं, हे २००६मध्ये दिसलं. एओएल या अमेरिकी कंपनीने संशोधकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले दोन कोटी शोध खुले केले. नावं काढून क्रमांक घातले होते. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी फक्त शोधलेल्या शब्दांवरून एका क्रमांकामागची बाई शोधली आणि तिच्याशी बोलून आले.

२०१०मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. आवृत्ती, बसवलेले फॉन्ट, स्क्रीनचा आकार, वेळेचा पट्टा अशा किरकोळ गोष्टी एकत्र केल्या तर त्यातले ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. म्हणजे कुकी पुसली तरी ठसा उरतोच.

ही झाली मोठ्या देशातली गोष्ट. आपल्या गावाचं काय? मागे एका स्थानिक पुढाऱ्याच्या माणसाने मला सहज विचारलं होतं, “त्या पाणीयोजनेच्या बातमीवर कोण कोण येऊन गेलं, ते काढता येतं का हो?” मी नाही म्हणालो आणि विषय तिथेच संपला. पण प्रश्न विचारावासा वाटला, यातच सगळं आलं.

काढता येतं का? नावानिशी लगेच येत नाही. आयपी पत्त्यावरून ग्राहकाचं नाव फक्त इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे असतं, आणि ते पोलिसांना कायद्याने मागवावं लागतं. पण छोट्या गावाला एवढी गरज पडत नाही. मुंबईत ‘दुपारी तीन वाजता, कामाच्या दिवशी, डेस्कटॉपवरून’ या वर्णनात लाखो माणसं बसतात. आपल्याकडे ‘अमुक कार्यालयाच्या कनेक्शनवरून, जेवणाच्या सुट्टीत, तीच बातमी चार वेळा उघडली’ एवढं कळलं की पुढचं नाव कार्यालयासमोरचा चहावाला सांगेल. कागद बाहेर दिलेला कारकून असो, नवऱ्याच्या मारहाणीवरची माहिती शोधणारी बाई असो की कर्जमाफीची यादी पुन्हा पुन्हा बघणारा शेतकरी असो. गाव जितकं लहान, तितका आकडा माणसाच्या जवळ. मोठ्या शहरांचा विचार करून केलेले ‘निनावी’चे नियम इथे तोकडे पडतात.

वही परत घरात, पण भिंतीमागे

गेल्या आठ-दहा वर्षांत वारं फिरलं. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१७पासून परक्या कुकींवरचा लगाम आणखी आवळायला सुरुवात केली. जाहिराती अडवणारी साधनं वाढली. मे २०१८मध्ये युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाला, आणि २०२२मध्ये ऑस्ट्रिया व फ्रान्सच्या नियामकांनी गूगल ॲनालिटिक्समार्फत युरोपीय वाचकांची माहिती अमेरिकेला जाणं नियमात बसत नाही, असे निर्णय त्यांच्यापुढच्या प्रकरणांत दिले.

मग धंद्याने नवी वाट काढली आणि ती जुन्याच जागी जाते: सर्व्हरवर. गूगलने २०२०मध्ये ‘सर्व्हर-साइड’ टॅगिंग आणलं. फेसबुकचीही तशीच सोय आहे. वाचकाचं ब्राउझर माहिती फक्त त्या वेबसाइटच्या सर्व्हरला देतं, आणि तो सर्व्हर पाठीमागून ती हव्या त्या कंपनीला पाठवतो. पूर्वी दारात उभा असलेला परका माणूस निदान दिसायचा, अडवता यायचा. २०२२मध्ये अमेरिकेतल्या ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने १०० नामांकित रुग्णालयांच्या साइट तपासल्या, तेव्हा ३३ ठिकाणी अपॉइंटमेंटचं बटण दाबल्यावर फेसबुकला माहिती जाताना पकडता आली. ती पकडता आली, कारण ती ब्राउझरमधून जात होती. तीच सर्व्हरच्या मागून गेली असती तर बाहेरच्या कोणालाही दिसली नसती.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सर्व्हरवर मोजणी करणं मुळात वाईट नाही. मालक प्रामाणिक असेल तर आयपी पत्त्याचे शेवटचे आकडे पुसून, बाहेर काहीही न पाठवता, फक्त ‘आज इतक्या जणांनी वाचलं’ एवढंच ठेवता येतं. त्यासाठी माटोमोसारखी मुक्त सॉफ्टवेअर आहेत. हत्यार तेच. फरक इतकाच की आता वाचकाला तपासायची सोय नाही, मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

आणि शब्दावर विश्वास ठेवायची वेळ आली की लोकशाहीत कागद मागायचा असतो.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत आहे. शिवाय आपल्या यंत्रणांना यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे.

याउलट वही ठेवायची सक्ती मात्र आधीच झाली. केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवणाऱ्या कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. हल्ला झाला तर तपास करता यावा, हा हेतू रास्त आहे. बँक फसवणुकीत पैसे गेलेल्या माणसाला हेच लॉग उपयोगी पडतात. पण १८० दिवस जपलेल्या वहीला कुलूप कोणाचं आणि किल्ली कोणाकडे, हे नागरिकाला कोण सांगणार?

काय विचारायचं

नगरपालिका असो, जिल्हा परिषद असो, बाजार समिती असो, आपल्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक वेबसाइटला चार प्रश्न विचारता येतात. एक, तुमच्या साइटचा सर्व्हर कोणाकडे आहे, सरकारकडे की ठेकेदाराकडे? दोन, लॉग किती दिवस ठेवता आणि ते बघायचा अधिकार कोणत्या पदाला आहे? तीन, तुमच्या पानांत कुठल्या बाहेरच्या कंपनीचा कोड आहे, आणि सर्व्हरवरून कोणाला माहिती पाठवता का? चार, ठेकेदाराची मुदत संपल्यावर त्याच्याकडच्या नोंदींचं काय होतं?

माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून हे विचारता येतं. इथे कोणाचंही वैयक्तिक नाव मागायचं नाही, फक्त पद्धत विचारायची आहे. त्यामुळे ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ हे कारण इथे लागू होत नाही. मी आपल्या तालुक्यातल्या तीन कार्यालयांना असे अर्ज टाकतोय. तुम्हीही तुमच्या गावात टाका. मजकूर हवा असेल तर सांगा, पाठवतो.

दुसऱ्याला विचारायचं तर आधी आपलं सांगितलं पाहिजे. माझ्या पोर्टलवर आता बाहेरच्या कुठल्याही कंपनीचा मोजणीचा कोड नाही. मोजणी आमच्याच सर्व्हरवर होते, पत्ता अर्धवट पुसून ठेवला जातो, आणि जाहिरातदाराला मी फक्त बातमीनिहाय एकूण आकडा देतो. होस्टिंग कंपनीकडे मूळ लॉग नियमाप्रमाणे राहतात, तिथे माझा हात पोचत नाही, हेही सांगून ठेवतो. आकडा पूर्वीपेक्षा लहान दिसतो. दोन जाहिरातदारांनी तोंडावर सांगितलं की शेजारचा लाखात बोलतो, तुम्ही हजारात. बोलू दे. पाणीयोजनेची पुढची बातमी येत्या आठवड्यात येतेय. ती कुठल्याही टेबलावरून, कितीही वेळा उघडा.